दाखवायची मशीन

दिवाळीच्या आधीचे वीस दिवस आले की माझं डोकं उठतं. इकडे बंगळुरात या दिवसांतही पाऊस भुरभुरत असतो, छत्री वाळत नाही, आणि कानाला लावलेल्या हेडफोनातून मात्र आपल्याकडचं कोरडं, ठणठणीत ऊन ऐकू येत असतं. ऊन ऐकू येतं म्हणजे काय, ते मला नीट सांगता यायचं नाही. फोन करणारा अंगणात उभा असतो, मागून ट्रॅक्टर धडधडत जातो, कोणी सीताफळं घ्या म्हणून ओरडतं, आणि माणसाचा आवाज तापलेला असतो. "वो मॅडम, माहं पार्सल कुठं गेलं?" मी एका पार्सल पोचवणाऱ्या कंपनीत फोनवर बसते. मराठी बोलणारे सगळे माझ्या वाट्याला. या वीस दिवसांत लोक न पाहिलेल्या वस्तू भराभर मागवतात आणि मग त्या कुठे राहिल्या ते मला विचारतात.

न पाहिलेल्या! हेच मला सोसत नाही. कारण एका दिवाळीत मी अकोल्याच्या नव्या मॉलमध्ये उभी राहून एक वस्तू लोकांना दाखवत होते. रोज दाखवली, कळ दाबून दाखवली, मागून वळवून दाखवली, आणि एक घर सोडून कोणी म्हणून मागवली नाही. आज बोटाच्या टिचकीसरशी फ्रिज मागवतात. तेव्हा हा विश्वास कुठे शेण खायला गेला होता?

त्या वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. आमच्याकडची ती वर्षं ज्यांना आठवायची त्यांना आठवतात. कापूस झाडावर फुटलेला आणि कोणाच्या तोंडावर हसू नाही. अकोला-अमरावती रस्त्यानं पांढऱ्या गाड्या फिरायच्या. बाहेरगावची माणसं उतरायची, शेतं पाहायची, जीव दिलेल्या शेतकऱ्यांची घरं पाहायची, वहीत लिहायची आणि निघून जायची. माझे बाबा परतवाड्याच्या बाजारात हमाल. माल कमी आला की हमालाच्या पाठीला तेवढा आराम, घराला नाही. माझी शाळा नववीनंतर सुटली ती अशीच, काही न घडता. जून आला, वह्या आल्या नाहीत, आणि आई म्हणाली, "यंदा राहू दे." ते यंदा अजून संपलेलं नाही.

मला कामाला लावलं ते अमरावतीच्या शुभांगीताईंनी. त्यांचा कंप्युटरचा क्लास होता. तिथे मी आधी झाडपूस करायची, मग पावत्या फाडायची, मग पोरं घरी गेली की रिकाम्या मशीनपुढे बसायची. पहिल्यांदा बसले तेव्हा हात मांडीखाली दाबून बसले होते. ताई म्हणाल्या, "लाव व हात. चावत नाई ते." दोन वर्षांत मी त्यांच्या फी भरणाऱ्या पोरांना शिकवायला लागले. मग कंपनीची जाहिरात आली, अकोल्याला मॉलमध्ये मुलगी पाहिजे, आणि फॉर्मवर शिक्षणाचा रकाना आला.

"दहावी पास लिही," ताई म्हणाल्या.

"ताई, पण मी तर..."

"नववीत पहिली आली होतीस ना? मग झालीच असतीस पास. आपण जरा आधी लिहून राहिलो, एवढंच."

आणि खाली ओळख म्हणून त्यांनी स्वतःची सही ठोकली. मी त्यांच्या पाया पडले. त्या सहीनं मला नोकरी लागली आणि त्याच दिवसापासून माझी झोप उडाली. कोणी मार्कशीट मागितली तर मी तर जाईनच, पण ताईंचं काय? बाईमाणूस एकटीनं क्लास चालवते, तिच्या नावाला बट्टा लागला तर? अकोल्यात मावशीकडे राहायची मी. नळाचं पाणी यायच्या आधीच जाग यायची आणि पहिला विचार मार्कशीटचा.

आता त्या टेबलाचं सांगते. दुकान म्हणत नाही, कारण ते दुकान नव्हतंच, आणि सगळा ताप तिथूनच सुरू होत होता. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी एक अर्धगोल टेबल, वर कंपनीची चकचकीत पाटी, आणि टेबलावर कंप्युटरची एकच मशीन, पोलादी तारेनं बांधलेली. मका वाफवायचा वास आणि फरशी पुसायच्या लिंबाच्या पाण्याचा वास एकमेकांत मिसळून दिवसभर तिथे रेंगाळायचे. मशीनला चार मिनिटं कोणी हात लावला नाही की तिच्यावर आपोआप एक फिल्म लागायची. बर्फाचे डोंगर, त्यातून पळत येणारी एक गोरी पोरगी, आणि टिंगटिंग टिंगटिंग असं एक संगीत. पहिल्या आठवड्यात मला ते आवडलं. दुसऱ्या आठवड्यापासून मी झोपेतसुद्धा हात हलवून ते बंद करायला लागले. मावशी म्हणायची, "रातभर काय वारून राहते व तू, मच्छर?"

कंपनीचं म्हणणं असं की मधला माणूस नको. दुकानदार नको, व्यापारी नको. गिऱ्हाइकानं इथे यायचं, मशीन पाहायची, हात लावायचा, पसंत पडली तर फॉर्म भरायचा. मग त्याच्या मर्जीप्रमाणे त्याची मशीन दूर कुठल्या कारखान्यात जुळवली जाणार आणि तीन आठवड्यांत थेट घरी पोचणार. नागपूरच्या साहेबांनी हे शिकवलं तेव्हा मला वाटलं, किती साफ गोष्ट आहे! पण ती अकोल्याच्या माणसाला सांगून पाहा.

"ही केवढ्याची?"

"ही विकायची नाही काका. ही दाखवायची आहे."

"मंग विकायची कुठं हाय?"

"विकायची इथे नसते. तुम्ही मागवली की बनते."

"म्हंजे बनलीच नाई अजून?"

"नाही."

"अन् पैसे?"

"ते आधी."

माणूस माझ्याकडे असा बघायचा की जणू मी त्याला जन्माला न आलेला बैल विकून राहिली. "मंग हे दुकान कायले मांडलं व पोरी?" असं म्हणून जिन्यानं वर निघून जायचा. एक जण म्हातारा, बाजारात कापूस विकून विकून मुरलेला, त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, याला पटलं. मग तो म्हणाला, "म्हंजे मधात अडत्या नाई?"

"नाही बाबा. थेट."

"चांगलं हाय," तो म्हणाला. "पण माल नाई पोचला, त मंग भांडाव कोनाशी?"

 फॉर्मच्या पाठीवर एक फोन नंबर होता, तो मी त्याला दाखवला. त्यानं तो नंबर पाहिला, मला पाहिलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला. त्या हाताचा अजून राग येतो मला.

बाकीचे लोक गारव्याला यायचे. संडास कुठे आहे हे विचारायला यायचे. पोरं चकलीच्या तेलाची बोटं कीबोर्डावर उमटवून जायची. साड्यांच्या दुकानाला कंटाळलेले नवरे माझ्यापुढे येऊन उभे राहायचे आणि उगाच विचारायचे, "याच्यात क्रिकेट दिसते काय?" एकदा पांढऱ्या गाडीतला एक फोटोवाला आला. धोतर नेसलेले एक आजोबा सरकत्या जिन्याकडे संशयानं बघत उभे होते, त्यांना त्यानं धरून आणलं. "बाबा, बोट ठेवा की यावर. असं. आश्चर्य वाटतंय असं बघा." आजोबांनी बोट ठेवलं. फोटो झाला. मग आजोबा मला म्हणाले, "पोरी, हे मागे कोणता पोर्ट आहे? प्रिंटर लागेल ना याला?" रिटायर हेडमास्तर होते ते. फोटोवाला तोवर मका खायला गेला होता. तो फोटो कुठे छापून आला असेल आणि खाली काय लिहिलं असेल, याचा विचार करते तेव्हा अजून माझे दात आवळतात.

साहेबांचा निरोप आला, दसऱ्यापर्यंत एकही ऑर्डर आली नाही तर टेबल उचलायचं.

आणि गणपतीच्या दिवसांत कादरचाचा आले. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, त्यांचं गाद्या-रजयांचं काम. पिंजारी. दाढीत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कापसाचे तंतू. ते मशीनपुढे उभे राहिले आणि काही न विचारता त्यांनी माऊसची वायर अंगठा आणि बोटामध्ये धरून हळूच चोळून पाहिली, कापसाचा धागा किती लांब ते बघतात तशी. मागे त्यांची मुलगी नसरीन. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मग पूर्ण वेळ माझ्या बोटांकडे.

गोष्ट अशी होती. नसरीननं कंप्युटरचा कोर्स केला होता. ईदनंतर लग्नांचा हंगाम लागतो. एक छापखानेवाले हाजीसाहेब लग्नपत्रिका जुळवायचं काम घरी देत होते, पण त्यांची अट होती. ईदच्या दिवशी ते शिरखुर्म्याला येतील, तेव्हा घरात मशीन दिसली तरच काम, नाहीतर दुसरी पोरगी तयार आहे. त्यांना एका घरानं फसवलं होतं, तेव्हापासून ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काम देत नसत.

"बेटा, ईदच्या आधी येईल ना?" चाचांनी विचारलं.

"तीन आठवडे चाचा. ईदला तर खूप वेळ आहे."

"तू सांगून राहिली म्हणून घेतो. त्या पाटीवाल्याले मी ओळखत नाई."

माझी पहिली ऑर्डर. टेबल वाचलं. मी फॉर्म भरायला घेतला. पत्त्याच्या जागेत पिंजारगल्ली, मशिदीमागे, निळं दार असं सगळं कोंबलं. फोनच्या जागेत चाचांनी शेजारच्या बब्बूभाई किराणावाल्याचा नंबर दिला. तेव्हा असंच चालायचं. गल्लीत एक फोन, सगळ्या गल्लीचा. मी काही विचारलं नाही. काय विचारायचं असतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तीन आठवडे झाले. दसरा झाला. मशीन आली नाही.

मी फॉर्मच्या पाठीवरचा नंबर फिरवायची. तिकडे आधी संगीत, मग एक बाई इंग्रजीत, मग पुन्हा संगीत. कोणीतरी हिंदीत म्हणायचं, "निकल गया है मॅडम, रास्ते में है." रस्त्यात! कोणत्या रस्त्यात? त्या कारखान्यापासून अकोल्यापर्यंत एवढा रस्ता आहे तरी किती? चाचा रोज दुपारी यायचे. रोजा असायचा, त्यात ऑक्टोबरचं ऊन, पुलावरून चालत यायचे आणि टेबलाजवळच्या स्टुलावर बसायचे. ओरडायचे नाहीत. काही विचारायचेसुद्धा नाहीत. नुसते बसायचे, त्या बर्फाच्या डोंगरांकडे बघत. माझं डोकं फिरायचं. एकदा मी म्हटलं, "चाचा, बोला ना काहीतरी. शिव्या द्या मला."

"तुले काहाले देऊ? तुनं काय मशीन खाल्ली?"

"मग रोज कशाला येता एवढ्या उन्हाचे?"

"याद द्यायले," ते म्हणाले. "माणूस समोर बसला की सामनेवाल्याले याद राहते." मग त्यांनी त्या मशीनकडे हनुवटीनं खूण केली. "अन् हिले."

मला हसू यावं की रडू, ते कळेना. मुलगी दाखवायला बसवतात तशी ती मशीन सजून बसलेली. सगळे येतात, बघतात, चहापोहे घेतात, आणि घरी कोणी नेत नाही. ज्याला न्यायची आहे त्याला म्हणे थांब, ही ती नव्हे, तुझी दुसरी आहे, रस्त्यात आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी अखेर फोनवर एक माणूस धड बोलला. त्यानं कागद बघून सांगितलं, "माल वापस आ गया मॅडम. पार्टी नहीं मिली." कधी? दसऱ्याच्याही आधी. आता पुन्हा पाठवतील, पण दिवाळीनंतर. मी फोन ठेवला. ईद तीन-चार दिवसांवर. टेबलावर टिंगटिंग सुरू झालं.

मॉल त्या दिवशी सहाला बंद व्हायचा होता. मी तारेचं कुलूप उघडलं. हे मी कसं केलं याचं मला आजही नवल वाटतं, कारण मी घाबरट बाई आहे. रस्ता ओलांडतानाही दुसऱ्याच्या मागे चालते. मशीन खोक्यात भरून दाराशी गेले तर वॉचमन उभा.

"कुठं घेऊन चालली व?"

माझ्या तोंडून निघालं, "पूजेले."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एवढा एक शब्द पुरतो. त्या संध्याकाळी आमच्याकडे शिलाई मशीन, तराजू, स्कूटर, सगळं पाटावर बसतं. वॉचमननं दार तर उघडलंच, वर मला थांबवलं, आपल्या टेबलावरचं कुंकू आणलं आणि खोक्याचं झाकण बाजूला सारून स्क्रीनच्या कपाळावर नीट टिळा लावला. "जा आता. सांभाळून ने."

सायकलरिक्षा पुलावरून गेली. एका काठाला फटाके, दुसऱ्या काठाला इफ्तारनंतरची गर्दी, भज्यांचा आणि फटाक्यांचा धूर नदीवर एक होऊन तरंगत होता. पिंजारगल्लीच्या तोंडाशी बब्बूभाईचं किराणा दुकान. त्यानं खोकं पाहिलं आणि सहज म्हणाला, "हे पुन्हा आलं का? मागच्या महिन्यात एक आलतं असंच. फोन पण आलता."

मी रिक्षातून उतरले. "मग?"

"मी म्हटलं इथं कोणी कादर राहत नाई."

"राहत नाही? दोन घरं सोडून तर राहतात!"

"त्यानं माह्या दारापुढची नाली बुजवली," बब्बूभाई म्हणाला. जणू यापुढे काही सांगायची गरजच नव्हती.

नाली! एका नालीपायी एक अख्खी कंपनी, एक कारखाना, एक ट्रक आणि माझी झोप उलटी फिरून माघारी गेली होती. चाचांना सांगितलं तेव्हा ते उंबऱ्यावर बसले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "नंबर द्याच्या आधी नाली उकरून द्याले पायजे होती. गलती माहीच." मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं.

मशीन लावली. चाचांना मी एवढंच सांगितलं की कंपनीची आहे, तुमची येईपर्यंत ठेवा. नसरीननं कुंकवाचा टिळा पाहिला, पुसायला फडकं आणलेल्या अम्मींचा हात धरला आणि म्हणाली, "रहने दो. किसीने प्यार से लगाया है." मग मला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात, "बाजी, ये तो वोही है ना, दिखानेवाली?"

"हो. आणि चार मिनिटं हात लावला नाही की फिल्म लागते. हाजीसाहेब बसले असतील तोवर बोट फिरवत राहा."

"और आप?"

"माझं काय, मॉल दोन दिवस बंद आहे," मी म्हटलं.

भाऊबीजेला मॉल उघडला. नागपूरच्या साहेबांची बहीण अकोल्यातच दिलेली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ओवाळून घेऊन, कपाळावर अक्षता तशाच, हातात चिवड्याची पिशवी, साहेब थेट माझ्या टेबलापुढे. टेबलावर तार आणि धुळीचा चौकोन.

"मशीन?"

मला खोटं रचता आलं असतं. रचलं नाही. सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि लाल होत गेले.

"आत्ताच्या आत्ता घेऊन ये. रिक्षा कर, मी इथेच थांबतो."

पुलापलीकडे जायला वीस मिनिटं. आणली असती तर नोकरी राहिली असती. ते मला माहीत होतं, त्यांनाही. मी म्हटलं, "सर, ईद झाली की आणते."

"कधी आहे ईद?"

"उद्या. नाहीतर परवा."

"नक्की सांग."

"चांद दिसला तर उद्या, सर."

"कंपनीची मशीन चंद्रावर अवलंबून आहे का?" ते एवढ्यानं ओरडले की मकावाला वळून बघायला लागला. मग आवाज खाली आणून, जो मला जास्त लागला, म्हणाले, "तुझी मार्कशीट आण. दहावीची. मला वरती रिपोर्ट लिहायचा आहे."

आलं. ज्याला दोन महिने भीत होते ते शेवटी आलं, आणि बघा, आलं तेव्हा मला भीती वाटली नाही. नुसता कंटाळा आला त्या भीतीचा. "मार्कशीट नाही, सर. मी नववीपर्यंतच शिकले. फॉर्मवर खोटं मी लिहिलं. ताईंना सांगितलं होतं की मार्कशीट घरी आहे. त्यांनी विश्वासानं सही केली."

 चिवड्याची पिशवी साहेबांनी टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली. "ईद झाली की मशीन जागेवर पाहिजे. आणि तू नको."

चांद त्याच संध्याकाळी दिसला. दुसऱ्या दिवशी मी नवी ओढणी घेऊन पिंजारगल्लीत पाहुणी म्हणून गेले, कारण आता सुट्टीच होती. हाजीसाहेब आले, लोडाला टेकले, मशीनकडे बघितलं, आणि बघतच राहिले. नसरीन शिरखुर्मा वाटायला उठली, अम्मी आत, माझ्या हातात वाटी, आणि चार मिनिटं झाली. बर्फाचे डोंगर! गोरी पोरगी! टिंगटिंग टिंगटिंग! माझ्या घशात खारीक अडकली. गल्लीतली पोरं खिडकीला लोंबकळली. हाजीसाहेब पुढे झुकले, डोंगरांकडे मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "माशाअल्ला. रंग साफ आहे. कार्डावर असाच रंग उतरला पायजे बरं बेटा." काम मिळालं. चाचांनी त्यातलाच शिरखुर्मा एका वाटीत काढून बब्बूभाईकडे पाठवला. मी म्हटलं, "त्याला? त्याला कशाला?" तर म्हणाले, "ईद हाय. अन् फोन त्याच्याचकडं हाय."

संध्याकाळी मी मशीन परत नेली. तिला कुंकू लागलेलं, अत्तराचा वास येत होता. वॉचमन म्हणाला, "चांगली लांबली व तुमची पूजा." मी तारेचं कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्याकडे दिली. चाचांना मी नोकरीचं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते रोज दुपारी साहेबांच्या नागपूरच्या दारात जाऊन बसले असते, याद द्यायला.

त्यांची खरी मशीन पुढच्या महिन्यात पोचली. मी तोवर अमरावतीला ताईंच्या समोर उभी होते. वाटभर एसटीत मी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही निघालं नाही, घडलं ते जसंच्या तसं सांगून टाकलं.

"तुले अक्कल हाय का?" ताई म्हणाल्या. "मशीन दिली ते दिली. पण ताईला फसवलं, असं काऊन सांगितलं? मी काय बाहुली हो, मला फसवायला?"

"तुमचं नाव खराब झालं असतं, ताई."

"झालं असतं तर मी निस्तरलं असतं. तू कोण व माझं नाव सांभाळणारी?" त्या रागानं आत गेल्या, भांडी आपटली, आणि कपबशी घेऊन बाहेर आल्या. चहा पिता पिता त्यांनी बंगळूरच्या एका ओळखीच्या बाईला फोन लावला. तिकडे फोनवर बोलायला मराठी मुली हव्या होत्या. शिक्षण किती, असं तिकडून विचारलं असावं. ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "नववी. नववीच लिहा. पण फोनवर बसवून पाहा एकदा."

ताईंचे उपकार मी फेडू शकत नाही, आणि फेडायचा विषय काढला की त्या चिडतात. म्हणून तोही काढत नाही. दर दिवाळीला फोन करते, त्या माझ्यावर ओरडतात, मला बरं वाटतं.

इथे आमच्याकडे नियम आहे. गिऱ्हाइकाला तीन फोन. तिन्ही वेळा सापडला नाही तर पडद्यावर खूण करायची, माल माघारी. चौथा फोन करता येत नाही असं नाही, पण केला की वरच्यांच्या पडद्यावर माझं नाव लाल होतं. या दिवसांत माझं नाव कायम लालच असतं. आमची टीम लीडर, कानडी पोरगी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, येऊन विचारते, "संगीता, व्हाय फोर?" तिला कुठे नालीचं सांगत बसू?

काल मूर्तिजापूरकडच्या एकाचं पार्सल माघारी निघालं होतं. लेकीच्या शिक्षणाची काहीतरी वस्तू होती. त्यानं स्वतःच फोन केला, तापलेला. "तिनदा म्हणे फोन केला! मले तर एक नाई आला!"

"दादा, नंबर कोणाचा दिला होता?"

"साळ्याचा. माहा मोबाइल बिघडला हाय."

"साळ्याशी बोलणं आहे का तुमचं?"

तिकडे मागून ट्रॅक्टर गेला. मग हळूच, "पोळ्यापासून बंद हाय."

"मग? तो कशाला सांगेल? तुमच्या घरचा कोणाचा तरी नंबर द्या, आत्ता. आणि साळ्याकडे दिवाळीचा फराळ पाठवा."

"तुमाले काय करायचं वो त्याच्याशी?" तो भडकला. मग कंपनीला, सरकारला, साळ्याला आणि मला, असं एकाच दमात ऐकवायला लागला. मी ऐकून घेतलं. बोलता बोलता माझा हात सवयीनं माऊसवर फिरत होता, पडद्यावर काहीही लागू नये म्हणून. मला तो म्हातारा आठवला, डोक्यावर हात ठेवून गेलेला. भांडाव कोनाशी, विचारत होता.

दम लागल्यावर त्यानं बायकोचा नंबर सांगितला आणि विचारलं, "मॅडम, तुमी कुठच्या?"

"परतवाड्याची."

"असं होय," तो म्हणाला. "मंग आधी सांगाव ना. इतकं नसतो बोललो."

"बोला की," मी म्हटलं, आणि त्या नव्या नंबरावर चौथा फोन लावला.